काळूराम लोहाराचं उभं खुरपं

म्हशाच्या जत्रेत काळूराम लोहाराचं पाल लांबून ओळखू यायचं. बाकीच्या लोहारांच्या पालांपुढे कोयते, विळे, कुऱ्हाडी मांडलेल्या असत. काळूरामच्या पालापुढे वाफा असे. जत्रेला पोचल्याबरोबर काळूराम आणि मी तो खणायचो, पाणी मारायचो आणि ओढ्याकाठची हरळी मुळांसकट आणून त्यात रोवायचो. मुरबाड तालुक्यातली सगळी माणसं गुरं आणि घोंगड्या बघायला आलेली. त्यांत एक लोहार गवत लावत बसलाय म्हटल्यावर ती थांबणारच.

"काय रे बाबा, गवताचं बी पन इकतोस काय?" एका गुराख्यानं विचारलं.

"गवत फुकट हाय," काळूराम म्हणाला. "उपटायला ये."

ज्याला त्याचं उभं खुरपं हवं असेल, त्यानं आधी वाफ्यात उतरायचं आणि हातभर जागा साफ करून दाखवायची. त्याशिवाय तो खुरपं देत नसे. येणारी बहुतेक म्हातारी माणसं. कुणाची कंबर धरलेली, कुणाची बोटं मिटत नाहीत. ती वाफ्यात उतरली की काळूराम उकिडवा बसून त्यांच्या पायांकडे बघायचा. हातांकडे नंतर. मग उठून दांडा कापायचा, पातं वाकवायचा, पुन्हा हातात द्यायचा. म्हातारा दोन हात ओढून बघायचा आणि त्याचं तोंड बदलायचं. ते बदललेलं तोंड बघायला मी घण सोडून येत असे.

हा वाफा त्याला सापगावच्या सकुबाईनं शिकवला. ती गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या सालातली.

मी तेव्हा काळूरामकडे घण मारायचो. पुढे आटगावला रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. पण हत्यार हातात कसं बसतं ते मी रुळांवर शिकलो नाही, काळूरामच्या भट्टीवर शिकलो.

काळूराम मूळचा मुरबाडकडचा. बापाबरोबर बैलगाडीच्या चाकांना धावा, म्हणजे लोखंडी पट्टे, चढवत गावोगाव फिरला आणि सापगावात भाता लावून राहिला. बारीक अंगाचा, बोलायला कमी. लोखंड तापलं की नाही ते तो रंगावरून सांगायचा, तसं सगळेच लोहार सांगतात. त्याचं वेगळं होतं ते हे: फुकट गेलेला घाव त्याला सहन होत नसे. माझा घण ऐरणीवर नुसता वाजला तर तो म्हणायचा, "कोंडू, ताकद तुझी हाय, पन वाया घालवायला माजी भट्टी नाय."

सकुबाई विधवा. मूलबाळ नाही. भातसा नदीच्या काठी तिची मळईची एक पट्टी होती. पावसाळ्यात नदी फुगते, ओसरताना काठाला काळा गाळ टाकून जाते. त्या गाळात वाल, वांगी, मिरची असं काही येतं की विचारू नका. सकुबाई ती भाजी पाटीत घालून शहापूरच्या बाजारात नेई. त्यावर ती राहत होती, आणि कुणाच्या दारात बसत नव्हती.

पण मळई कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. दर वर्षी नदी ती थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवते. म्हणून गावानं आपला नियम धरला होता. देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पट्टी धरणाऱ्यानं पहिली बेणणी, म्हणजे पहिली खुरपणी, स्वतः करायची. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्याचा हात लागता कामा नये. काढलेलं गवत बांधावर आणून ढीग घालायचा, कारण ओल्या गाळात पडलेली हरळी पुन्हा मूळ धरते. दिवस मावळायच्या आत पाटील ढीग बघणार आणि पट्टीच्या खुंटीला त्यातलीच गवताची पेंढी बांधली जाणार. पेंढी बांधली की पट्टी वर्षभर तुमची. नाही बांधली तर भावकीतल्या पुढच्या माणसाची.

भावकीत सकुबाईनंतर तिचा पुतण्या चंदर होता. माणूस वाईट नव्हता. अंगानं दणकट, स्वतःची पट्टी इतरांच्या आधी साफ करणारा. त्या वर्षी भादव्यात सकुबाई ओल्या पायरीवरून पडली. उजवा गुडघा वाकेनासा झाला. अंगठ्याचा सांधा आधीच सुजलेला होता. खुरपं बसून चालवायचं हत्यार. गुडघा वाकत नाही तर बसणार कशी?

चंदर तिला म्हणाला, "काकी, आता घरी बस. भाजी मी आनून देईन तुला. रोज."

सकुबाईनं हे आमच्या भट्टीत येऊन सांगितलं. काठी टेकत आली, उंबऱ्यात उभी राहिली.

"रोज आनून देनार म्हनं. म्हंजे रोज मी त्याच्या दाराकडं बघत बसू?" ती म्हणाली. "काळूराम, मला उभ्यानं चालवायचं खुरपं करून दे."

"असं खुरपं नसतं गो, सकूबाय."

"म्हनून तर तुज्याकडं आले. असतं तर बाजारातून आनलं नसतं?"

काळूराम हसला नाही. त्यानं मला भाता थांबवायला सांगितलं. मग सुतळी घेतली, सकुबाईच्या कोपरापासून जमिनीपर्यंत धरली आणि गाठ मारली. झालं माप.

पहिलं खुरपं आम्ही त्याच दिवशी केलं. नेहमीचंच पातं, त्याला लांब दांडा. सकुबाईनं ते हातात घेतलं, वर-खाली बघितलं.

"ह्यो भाला हाय. लढाईवर पाठवतोस काय मला?"

ती अंगणात चालवून बघू लागली. बसलेल्या माणसाच्या हातात खुरपं आडवं धरलं जातं, पातं मातीच्या खालून जातं. उभ्या माणसाच्या हातात तेच पातं सरळ खाली रुततं. रुतलं की उपसायला कमरेतून जोर. एकदा उपसायला जो जोर लागला, त्यात बसून वीतभर जागा झाली असती. सकुबाई दोनदा उपसून थांबली आणि तिनं भाला भिंतीला लावला.

दुसरं आम्ही फावड्यासारखं केलं, आडव्या पात्याचं. ते रुतत नव्हतं, ओढलं जात होतं. काळूराम खूश झाला. मीही झालो. पण त्याचं वजन. गाडीच्या जुन्या धावेचा तुकडा होता तो. लढाईमुळे दुसरं लोखंड मिळत नव्हतं. उचलताना वजन हाताला लागत नाही, कमरेला लागतं. आणि माती पात्यापुढे साचायची, म्हणजे आपण गवत काढतोय की माती वाहतोय तेच कळेना. सकुबाईनं अर्ध्या अंगणात ते ओढलं.

"चंदरच्या डोक्यात घालायला बरं हाय," ती म्हणाली आणि बसायला जागा शोधू लागली.

देवदिवाळी जवळ येत होती. काळूराम रोजचं काम सोडून लोखंडाच्या पट्ट्या वाकवत बसला. विळे धार लावायला आलेले लोक दारात ताटकळू लागले. त्याची बायको गोजर भाकरी घेऊन आली. तिनं ते भिंतीला लावलेले नमुने बघितले.

"कुनासाठी करतोस?"

"सकूबायसाठी."

"तिला खुरपताना कधी बगितलंस?"

गोजर भाकरी ठेवून निघाली, आणि जाता जाता म्हणाली, "वाफ्यात तू कधी बसलायस काय? खुरपं तुज्याकडं मोडकं येतं नि धडकं जातं. मधी काय होतं ते आमाला इचार."

हे अगदी खरं होतं. आमच्याकडे सगळं असंच चालायचं. पातं लोहार करणार, दांडा सुतार घालणार, चालवणार बाई. लोहारानं बाईला वाफ्यात पाहिलेलं नसतं आणि सुतारानं लोहाराला विचारलेलं नसतं. पिढ्यान्‌पिढ्या खुरपी विकली गेली, मोडली, पुन्हा झाली. कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

काळूरामनं भाकरी तशीच ठेवली. सकुबाईला निरोप पाठवला आणि आम्ही नदीवर गेलो.

ती आपल्या पट्टीत उतरली आणि मला पहिल्याच नजरेत चूक दिसली. काळूरामलाही दिसली. गाळात तिचे पाय घोट्याच्या वर बुडाले होते. भट्टीच्या टणक जमिनीवर घेतलेलं आमचं माप इथं लांब पडत होतं. शिवाय ती पट्टी नदीकडे उतरती. दुखऱ्या गुडघ्यावर भार नको म्हणून सकुबाई डावा पाय उतारावर रोवून तिरकी उभी राहायची. समोरून ओढायचं हत्यार तिच्या काय कामाचं?

"बेणणीला काय करशील ते आता करून दाव," काळूराम म्हणाला. "माजं खुरपं हातात नाय असं समज."

मग तिनं रिकाम्या काठीनं दाखवलं. ढकलायचं, ओढायचं, उचलायचं नाही. काठी जमिनीवरून दूर न करता ती पुढे-मागे नेत होती, केर काढताना न्यावी तशी. काळूराम गाळात उकिडवा बसून तिच्या पायांकडे बघत राहिला. धोतर चिखलात गेलं तरी हलला नाही.

"दोनी बाजूनं कापायला पायजे," तो उठून म्हणाला. "जाताना बी नि येताना बी. उचलायचंच नाय. मग वजन कशाला?"

आम्ही जवळजवळ धावत भट्टीवर आलो. गोडेतेलाच्या लाकडी पिंपाचा एक लोखंडी पट्टा पडून होता. पातळ, बोटभर रुंद. लोहार असल्या पट्ट्याला हत्यार म्हणत नाही, पाटी बांधायला वापरतो. काळूरामनं त्याचा तुकडा तोडला आणि घोड्याच्या रिकिबीसारखा वाकवला. खाली सपाट तळ, दोन्ही बाजू वर येऊन जुळलेल्या. तळाची एक कड पुढे, एक कड मागे, दोन्हींना कानशीनं धार. दोन्ही टोकं मेशीच्या हलक्या बांबूला रिबीट मारून बसवली, वर शेंबी, म्हणजे लोखंडी कडं, चढवली. दांडा मुद्दाम लांब ठेवला. सकुबाईचा अंगठा मिटत नव्हता, म्हणून धरायच्या दोन जागांवर जुनं लुगडं गुंडाळून वर सुतळी आवळली. मुठीत जाड येतं ते धरायला जोर लागत नाही.

मी ते एका बोटावर तोललं. घण मारणाऱ्या हाताला ते वजन वजनच वाटेना.

"तुटंल," मी म्हणालो.

"तुटलं तर तुटलं. चल."

पुन्हा नदी. सकुबाई पट्टीतच वाट बघत होती. तिनं ते गाळावर टेकलं आणि ढकललं. माती रिकिबीच्या आतून निघून गेली, साचली नाही. गवत मात्र आडवं पडलं. मग तिनं ओढलं. पुन्हा गवत आडवं. तिनं आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा ढकललं, या वेळी आम्हाला दाखवायला नाही, स्वतःसाठी.

"दांडा लांब हाय," ती म्हणाली. "आनि पातं नाक वर करतंय."

भट्टीवर परत जायला काळूराम तयार नव्हता. ऐरण भट्टीत, पण नदीत दगड काय कमी आहेत? पाण्यानं गुळगुळीत केलेला एक काळा धोंडा त्यानं निवडला, पातं त्यावर ठेवलं आणि थंडच ठोकायला लागला. पातळ पट्टा थंडही वाकतो. शिवाय थंड ठोकलेली कड कडक होते. तो ठोकायचा, सकुबाई चालवायची. "वाईच खाली." पुन्हा ठोक. "आता लईच खाली." पुन्हा. दांड्याचे तुकडे तो कोयत्यानं काकडीसारखे उडवत होता. शेजारच्या पट्ट्यांतली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. नदीवर लोहारकी चाललेली कुणी पाहिली नव्हती. मी तोवर बऱ्याच भट्ट्या पाहिल्या होत्या, पण पातं जिथं चालायचं तिथंच घडताना प्रथम बघत होतो. माझे हात उगाचच शिवशिवत होते.

चंदरही आला. तो खुरप्याकडे नाही, काकीच्या पायांकडे बघत होता.

देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्यांवर माणसं उतरली. राघो पाटील वडाखाली बसले. काळूराम आणि मी त्या काळ्या धोंड्यावर. मदत करता येत नव्हती. नुसतं बघायचं म्हणजे किती श्रमाचं काम असतं ते मला त्या दिवशी कळलं.

सकुबाईनं खालच्या टोकापासून सुरुवात केली. ढकल, ओढ, अर्धं पाऊल. ढकल, ओढ. उकिडव्या बसलेल्या माणसांची दोन कामं असतात, खुरपायचं आणि सरकायचं, आणि दम सरकण्यात जातो. सकुबाईचं सरकणं संपलंच होतं. ती चालत होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिची पट्टी निम्म्याच्या वर झाली होती. लोक कंबर सरळ करायच्या निमित्तानं उभे राहून बघत होते. हिराबाई म्हणून शेजारच्या पट्टीवाली होती. ती ओरडून म्हणाली, "सकूबाय, राणीसारखी उभ्यानंच निघालीस गो. मागं चवरी ढाळायला येऊ काय?"

"ये," सकुबाई म्हणाली, "पन माज्या पट्टीत पाय ठेवू नको."

ऊन कलायच्या आधीच ती वरच्या टोकाला पोचली. मी काळूरामचा दंड धरला. तेवढ्यात चंदर आपल्या पट्टीतून उठून बांधावर आला.

"पाटील, गवत कापलंय. पन ढीग कुठं हाय?"

आम्ही बघितलं. हरळी पट्टीभर आडवी पडलेली. बसून खुरपणारा माणूस कापतो आणि त्याच हातानं उचलून मागे टाकतो. सकुबाईला वाकता येत नव्हतं. नदीवर दिवसभर आम्ही पात्याचं नाक बघितलं, दांडा बघितला, पाय बघितले. गवत उचलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाटील म्हणाले, "नियम तर तसाच हाय, सकूबाय. ढीग पायजे. दिस अजून हाय."

"काकी, मी उचलतो," चंदर म्हणाला. खरंच मदतीनं म्हणाला तो. पण त्याचा हात लागला असता तर पट्टी त्याचीच झाली असती, आणि हे त्यालाही कळत होतं.

"बांधावरच ऱ्हा," सकुबाई म्हणाली.

काळूराम धोंड्यावरून उतरला, चार पावलं गेला आणि थांबला. त्याच्या हातात हातोडा होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

सकुबाई खुरपं आडवंतिडवं धरून गवत ओढू लागली. गवत रिकिबीच्या आतून निसटून जाई. मातीसाठी ठेवलेली मोकळी जागा आता वैरी झाली होती. तिनं दोनदा ओढलं. मग थांबली. खुरप्याकडे बघत राहिली. मग तिनं पातं गवताच्या झुबक्यावर टेकलं, दांडा दोन्ही तळव्यांमध्ये धरला आणि घुसळायला लागली. ताकाची रवी घुसळतात तशी.

हरळी लांब. तिच्या दोऱ्या रिकिबीभोवती गुंडाळायला लागल्या. एक वळसा, दुसरा, मग सगळा झुबकाच वर आला. अंगठा लागतच नव्हता, तळवेच काम करत होते. सकुबाईनं गुंडाळी उचलली, बांधापर्यंत नेली आणि दगडावर आपटली. गवत सुटून पडलं.

हिराबाई खुरपं टाकून उठलीच. "अगो, ताक करतेय ती."

मग सगळेच हसायला लागले, आणि हसता हसता बघायला लागले. सकुबाई मात्र हसत नव्हती. घुसळ, उचल, आपट. घुसळ, उचल, आपट. काळूराम बांधाबांधानं तिच्याबरोबर चालत होता आणि स्वतःचे तळवे एकमेकांवर घासत होता. पातळ पट्टा वाकत होता, पुन्हा सरळ होत होता. मी म्हटलं होतं तुटेल. गाडीच्या धावेचं पातं असतं तर तिला ते एकदाही उचलवलं नसतं.

उन्हं नदीपलीकडे झुकली तेव्हा पट्टीत गवताची काडी उरली नव्हती आणि बांधावरचा ढीग चंदरच्या ढिगाएवढा होता. पाटील उठून आले. ढिगात काठी घालून बघितली, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. ढिगातून मूठभर हरळी घेतली आणि चंदरपुढे धरली. रीतच तशी होती. ज्याचा हक्क पुढचा, त्यानंच पेंढी बांधायची, म्हणजे मागून बोलायला जागा राहत नाही.

चंदरनं पेंढी घेतली, खुंटीला बांधली आणि गाठ ओढून बघितली. चांगली पक्की बांधली होती.

"काकी," तो म्हणाला, "हे आईला पन चालंल काय? तिची कंबर धरलीय."

"मला नको इचारू. त्याला इचार."

काळूराम चंदरकडे बघत होता. त्याच्या पायांकडे. "तुज्या आईला सकाळी नदीवर आन," तो म्हणाला. "पट्टीभायेरचं गवत ठेव थोडं. सगळं आजच काढू नको."

सकुबाई बांधावर उभी होती, दांड्यावर भार टाकून. तिनं पदरानं घाम पुसला. मला वाटलं ती आता बसायला मागेल. तिनं खुरपं काळूरामच्या हातात दिलं.

"दांडा बोटभर कमी कर," ती म्हणाली. "आनि सुतळी खाली सरकव. घुसळताना टोचते."

काळूरामनं कमरेची कोयती काढली, आणि पुन्हा त्या धोंड्याकडे निघाला.